जाड तेल

१२ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अ. उ. आशीर्वाद.

गाडी विका, असं तुम्ही तिसऱ्यांदा लिहिलंत. मला ती कामावर जायला लागते, म्हणून विकणार नाही. पण सिग्नलला उभी राहिली की थरथरते, कधी बंदच पडते. इथला मेकॅनिक म्हणतो, इंजिनाच्या झडपा उघडायची वेळ मागेपुढे करणारा व्हॉल्व्ह अडकतोय, नवाच टाका. तुमचे दादा असते तर त्यांनी आधी घरी उघडून पाहिला असता. मीही पाहीन म्हणते. कसा, ते लिहा.

दादा गेल्यापासून सहा महिन्यांत तुम्ही फिरकला नाहीत. तुम्ही इकडे आलात तर गॅरेज पळून जाणार आहे का, असं आई विचारतात.

माया आहे तशी राहू द्या.
तुमची वहिनी

२० फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. नमस्कार.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची काळी वायर सोडवा. व्हॉल्व्ह एकाच बोल्टवर असतो, दहाचा पाना लागेल. वायरचा प्लग खटका दाबून काढा, ओढाताण नको. व्हॉल्व्ह हलका फिरवत वर घ्या. रबरी रिंग तुटून आत पडली तर माझ्या नावाने शंख कराल. व्हॉल्व्हवरची बारीक जाळी क्लीनरने धुवा. तेलही बदला. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच, पातळ.

जाड तेल मी घालायला लावलं होतं. दादा नको म्हणत होता. जुन्या इंजिनाला जाडच बरं, मला शिकवू नकोस, असं मी त्याला सुनावलं. त्या तेलानेच व्हॉल्व्ह अडकतो. त्या दिवशी दादाला नेताना हॉस्पिटलच्या वाटेवर गाडी दोनदा बंद पडली, हे आईने सांगितलं. आता कोणत्या तोंडाने येऊ? विकून टाका ती.

राग असेल तर धरा, पण तोडू नका.
आपला धाकटा

३ मार्च

चि. भाऊजींस,
अ. उ. आशीर्वाद.

व्हॉल्व्ह काढला. जाळीवर डांबरासारखा थर होता. रिंग शाबूत निघाली, तरी नवी बसवली. तुमचा शंख वाचला. तेल बदललं. काल सिग्नलला तीन मिनिटं उभी होते, थरथर नाही. दोष तेलाचाच होता, ते झाकत नाही.

दुसरं सांगायचं राहिलं होतं. यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं ते पुलाच्या अलीकडे. मी गाडी कडेला घेतली, मानेवर बोटं ठेवून पाहिलं. नाडी लागत नव्हती. गाडी बंद पडली ती पुलाच्या पलीकडे, दोन्ही वेळा. पोचल्यावर डॉक्टरही मला बाजूला घेऊन म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय. आई मागच्या सीटवर होत्या. त्यांना मी झोप लागलीय म्हणून सांगितलं, आणि हॉस्पिटल येईपर्यंत हॉर्न वाजवत राहिले.

आईंना हे अजून माहीत नाही. त्यांना सांगताना तुम्ही शेजारी असलेले बरे. रविवारी या. स्टेशनवर मी गाडी आणते.

लोभ पत्रापुरता ठेवू नका.
तुमची वहिनी