जुना ड्रायव्हर

मोरिवली, अंबरनाथ
७ एप्रिल

चि. पायल हिस,
सप्रेम जयभीम. आम्ही दोघं मजेत. तुझ्या आईने हुकूम काढलाय, फोनवर बापलेकीचं नुसतं भांडण होतं, काय ते लिहून कळवा. म्हणून हे पत्र नरेंद्ररावांच्या डब्याच्या पिशवीत घालतोय. कंपनीत जाता-येता जावईबापू आपल्याच दारावरून जातात.

तू दिलेला लॅपटॉप पार बसलाय. सुरू केला की चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतात, तरी पडद्यावर गोल फिरतंच आहे. विहाराची बुद्धपौर्णिमेची पत्रिका टाइप करायची, तर एक अक्षर दाबलं की तो दमाने विचार करून उमटवतो. आई म्हणते, तुमच्या संगतीने मठ्ठ झाला.

बरेच दिवस तो सांगत होता, ड्रायव्हर जुना झालाय, नवा घ्या. मी रोज 'नंतर' दाबायचो. तीस वर्षं कंपनीची बस चालवली, आणि हा मला शिकवतो! पण गेल्या रविवारी तू नवी गाडी घेऊन आलीस, तर स्टिअरिंगवर तो भाड्याचा प्रमोद. मोतीबिंदू काढून दोन महिने झाले, गाडी चालवा म्हणून डॉक्टरने सांगितलंय, तरी मला मागे बसवलंस. तेही मधे, चटईच्या गुंडाळीसारखं. घरी आलो तर लॅपटॉपचं परत तेच. म्हटलं घे बाबा, तुलाही नवाच पाहिजे ना! दाबलं 'हो'. तेव्हापासून रांगतोय.

काय करायचं ते कळव. लोभ आहेच, राग पण आहे.
तुझा,
बाबा


शिरगाव, बदलापूर
९ एप्रिल

ती. बाबांस,
जयभीम वि. वि. पत्र पोचलं, आईचा ठेचाही पोचला. नरेंद्र म्हणतो, पोस्टमन केलंच आहे तर युनिफॉर्मही शिवून द्या.

अहो, लॅपटॉपचा ड्रायव्हर म्हणजे माणूस नाही. पडदा, आवाज वगैरे चालवणारा आतला छोटा प्रोग्रॅम असतो. पडद्याचा नवा ड्रायव्हर त्या जुन्या मशीनला झेपत नसणार. आधी चार्जर लावून अपडेट पूर्ण होऊ द्या. रोज नुसतं झाकण लावून उठू नका, रीस्टार्ट करा. तरी हलला नाही तर खाली विंडोजच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'डिस्प्ले अडॅप्टर'खाली जे नाव असेल त्यावर दोनदा क्लिक करा, 'ड्रायव्हर' लिहिलंय तिथे जाऊन 'रोल बॅक' दाबा. जुना परत येतो.

प्रमोदचं म्हणाल तर मला भीती वाटते, बाबा. ऑपरेशनला नेताना तुम्ही माझा हात घट्ट धरला होता, ते डोळ्यासमोरून जात नाही. रविवारी जांभूळला मायाआत्याकडे जाऊ, तेव्हाही तोच येईल. रागावू नका.

आशीर्वाद असू द्या, राग ठेवा बाजूला.
तुमची,
पायल


मोरिवली
११ एप्रिल

चि. पायल हिस,
सप्रेम जयभीम. रीस्टार्ट केला, जरा हलला, परत बसला. मग तू लिहिलंस तसं केलं. आई शेजारी तुझं पत्र धरून मोठ्याने वाचत होती, शाळेतल्या बाईंसारखी. 'रोल बॅक' दाबलं तर त्याने उलट विचारलं, का परत पाहिजे जुना? कारणंही त्यानेच लिहून दिली होती, आपण फक्त टिचकी मारायची. त्यात एक होतं, "आधीचा ड्रायव्हर जास्त चांगला चालत होता."

आईने ती ओळ परत वाचली. मग मारली टिचकी. अशी मारली की आई म्हणाली, माउस फोडाल.

आता पळतोय. पत्रिका झाली. जांभूळला तुम्ही जाऊन या, माझे गुडघे दुखतात.

जावयांना आशीर्वाद, तुलाही आहेत.
बाबा

ता. क. आई लिहिते: गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही. सकाळी स्टुलावर चढून पंखा पुसलाय. माणूस आतून दुखावलाय, पोरी.


शिरगाव
१२ एप्रिल

ती. बाबांस,
जयभीम वि. वि. आईच्या चार ओळी वाचल्या आणि मला रडूच आलं. लगेच प्रमोदला फोन करून रविवारी येऊ नको म्हणून सांगितलं. बिचाऱ्याने विचारलं, मॅडम, काय चुकलं? मी म्हटलं, तुझं काही नाही रे. मग तुम्ही टिचकी मारलेलं कारणच त्याला सांगितलं.

पिशवीत ठेच्याच्या रिकाम्या बरणीखाली गाडीची दुसरी किल्ली आहे. गाडी नरेंद्र शनिवारी दारात आणून लावेल. मी पुढे तुमच्या शेजारी बसेन, भ्यायले तरी तोंड उघडणार नाही. आई मागे खिडकीशी. नरेंद्र मधे, चटईसारखा.

लोभ वाढवावा, स्पीड वाढवू नये.
तुमची,
पायल