बेलाचं पाणी

उस्मानाबाद,
ता. १४ मे १९८६

सौ. गजराबाई यांस,
सप्रेम जयभीम. चार वर्षं शेजारी राहिलो, पण हा शब्द तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे.

आम्ही सारे ठीक. माझ्या शाळेला सुटी आहे. टँकर तीन दिवसांआड येतो, घरटी चार घागरी. तरी सोसायटीच्या आवारातल्या अठरापैकी चौदा झाडं जगली. भांड्यांचं पाणी आता एकही बिऱ्हाड मोरीत सोडत नाही. पावडरीनं रोपं करपतात, राखेनं घासा, हे तुम्हीच आम्हाला दाखवलंत. परवा बाहेरचे काही लोक बघायला आले होते, त्यांनी माझं कौतुक केलं. मी तुमचं नाव घेतलं नाही. घरी येऊन ते रोजच्या वहीत लिहिलं, तेवढंच.

तुमच्या यजमानांची, बब्रुवानरावांची, कळंबहून पुन्हा इकडे बदली झाल्याचं कळलं. तुमची जुनी खोली रिकामीच आहे. पण "त्या इमारतीत न्हाय" असं तुम्ही म्हणालात म्हणे. का, असं लोक मला विचारतात. मी "काय माहीत" म्हणते.

मला माहीत आहे.

झाडं वाटून घ्यायला आपण चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ज्या घराला जे झाड निघेल, त्या झाडाला त्या घरचं पाणी. तुम्हाला बेल निघाला. संध्याकाळी खालच्या शिवगंगाकाकू माझ्या दारात आल्या. "बाई, त्यांच्या घरचं पाणी बेलाला? त्याची पानं पिंडीवर वाहायची असतात. तुमी शिकलेल्या, कायतरी करा की." खरकटं पाणी तर काकूंच्याही घरचं असणार होतं. हे मला तेव्हाच सुचलं. बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी यादीत बेल काकूंच्या नावावर लिहिला आणि जिन्याजवळचा कडुलिंब तुमच्या. वर तुम्हाला म्हणाले, "तुमची कंबर दुखते, बादली लांब न्यायला नको."

तुम्ही हसून म्हणालात, "माझी कंबर कवा दुखली हो, बाई?"

मग कडुलिंबाला पाणी घालत राहिलात, खोली सोडून जाईपर्यंत. मी सोमवारी पूजेला त्या बेलाची पानं तोडत होते.

काकूंना घाबरून मी तसं केलं, असं पुष्कळ दिवस वहीत लिहीत आले. ते पुरतं खरं नाही. झाड बदललं तेव्हा मलाही बरं वाटलं होतं.

रविवारी सोसायटीची सभा आहे. तिथं उभी राहून हेच पत्र वाचणार आहे. खोली घ्या, असं म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. मात्र यात मी काही गाळलं असेल, मऊ करून लिहिलं असेल, तर शनिवारपर्यंत कळवा. तेही वाचीन, तुमच्या शब्दांत. काकू समोरच बसलेल्या असतील.

आपली,
महानंदा