वाफेचा कॉक

बुधवार, १२ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या चिमणीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. मी मजेत आहे, गुडघा त्याच्या मर्जीत आहे. तुझा निबंध पोचला. पहिला नंबर! शेजारच्या शिंपिणीला दोनदा वाचून दाखवला, दूधवाल्याला एकदा. तो म्हणाला, "आजी, सोडा आता, बाकीचं दूध नासेल."

'प्राचीन ग्रीक वीर आणि आजचे वीर' वाचायला चौथी शिकलेल्या बाईला दोन दिवस लागले. पण समजलं बरं का. ते ग्रीक वीर अंगापिंडाने दांडगे, नाकावर राग, लढायला उतरले की आधी स्वतःचं नि बापाचं नाव ओरडून सांगणार. जीव गेला तरी चालेल, नाव राहिलं पाहिजे. आणि प्रत्येकात एक खोड, तीच त्याला बुडवणार. मला तुझे आजोबाच आठवले. अंगात काडीचं बळ नव्हतं, पण राग थेट ग्रीक!

आणि आजचा वीर म्हणून तू लिहिलंस मला. आजी कामाला होती त्या लॉन्ड्रीत वाफेचा नळ फुटला, सगळे पळाले, आजीने आत शिरून कॉक बंद केला, हात भाजून घेतला, आणि त्याबद्दल ती कधी अवाक्षर काढत नाही. हाच म्हणे आजच्या वीराचा गुण.

अगं, मी कशाबद्दल बोलत नाही, सांग बरं? दूधवाल्यालाही सोडत नाही मी. मग एवढ्या एकाच गोष्टीला गप्प का, असं तुला कधी वाटलं नाही?

कॉक मी बंद केला नाही. मी पळाले. पळताना तोल गेला आणि हात तापलेल्या इस्त्रीवर टेकला, बस. आत गेली ती आमच्याबरोबर कामाला असलेली मुकी. मुकी कसली, अडखळत बोलायची, म्हणून आम्ही मेल्यांनी पाडलेलं नाव. डोकं बघ तिचं, आधी ओली चादर गुंडाळली, मग वाफेत शिरली. म्हणून तिच्या अंगावर साधा डागसुद्धा नाही. मालक धावत आले, माझा हात पाहिला. "तूच बंद केलास ना?" मुकी बाजूला "मा... मी..." करत होती. मालकांना कुठला धीर! मी मान खाली घातली. त्यांना तो होकार वाटला.

मला काउंटरवर पंख्याखाली खुर्ची मिळाली. ती वीस वर्षं वाफेतच राहिली.

ते ग्रीक निदान लढून तरी बढाया मारायचे गं.

काल तिच्याकडे गेले. मटार सोलत बसली होती. तुझा निबंध वाचला आणि रडत रडत सगळं बोलले. तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "तू स... सगळ्यांना सगळं सांगायचीस. वाटलं, हेही सांगशील. वाट पाहिली मी." आणि पुढची शेंग हातात घेत, "तो कॉकचा भाग परत वाच."

तीनदा वाचला.

शुक्रवारी तू स्टेजवर निबंध वाचशील तेव्हा मी तिला घेऊन येतेय, दोन खुर्च्या पुढच्या धर. निबंध चांगलाच आहे, फक्त 'माझी आजी'च्या जागी तिचं नाव वाच आणि हात भाजल्याचं तेवढं गाळ. बक्षीस परत मागितलं, तर दे आणि मला शिव्या घाल. तिचं खरं नाव मला काल विचारावं लागलं, वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. सोबतच्या चिठ्ठीवर तिच्याच हाताने लिहून घेतलंय. मोठ्याने वाच, मागच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे.

तुझी,
नुसताच हात भाजलेली
आजी