पाचवं शील

१० जुलै, आषाढी पौर्णिमा

आजपासून वर्षावास. पावसाळ्याचे तीन महिने बुद्धविहारात वंदना आणि ग्रंथवाचन. विहारात बायांना वंदना मीच सांगते — मी पुढे, बाया मागून. आज पांढरी साडी नेसले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. नवीन सुती कापड पाठीला, बरगडीला लागलं की चटका! नागीण बरी होऊन वर्ष झालं. फोड गेले, डागही गेले. आग मात्र तिथेच मुक्काम ठोकून बसली आहे. दाखवायला काही नाही, म्हणून सांगायचीही सोय नाही. घरी ह्यांची जुनी बनियन घालून बसते. ते असते तर पोट धरून हसले असते.

१४ जुलै

दवाखान्यात गेले. दुखण्याचे डॉक्टर तरुण आहेत, बोलतात चांगलं, पण कॉम्प्युटरशी! गोळ्यांनी झोकांड्या जातात, परवा न्हाणीत पडता पडता वाचले, हे सांगितलं. मग धीर करून विचारलं — गांजाच्या झाडापासून दुखण्याचं औषध निघतं म्हणे? मोबाईलवर पाहिलं होतं. तेव्हा कुठे मान वर झाली.

"काकू, कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

दार उघडंच होतं. बाकावरची मंडळी आत पाहायला लागली. मी काय चोरी केली होती? नंतर आवाज उतरवून म्हणाले, आम्ही ते लिहीत नाही. आयुर्वेदाचे डॉक्टर चिठ्ठीवर देतात, त्यांना विचारा. पण या गोळ्या मनानं बंद करू नका.

१५ जुलै

अंकितला पुण्याला फोन केला. पोरगा हसला. "आई, तू आणि गांजा!" मग त्याची मीटिंग लागली.

२२ जुलै

आयुर्वेदाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, रक्षाताई नाव. आग कुठून सुरू होते, कुठे थांबते, कोणतं कापड सोसतं, सगळं विचारलं. वर्षभरात हे कोणी विचारलंच नव्हतं. तिथेच रडायला आलं, मेलं! औषधाचं नाव विजया. मी म्हटलं, नाव गोड आहे हो, पण आहे काय?

"भांगेच्या पानांचा अर्क," त्या म्हणाल्या. "लपवत नाही तुमच्यापासून. सगळ्यांना लागू पडतोच असं नाही. गरगरलं तर मला फोन करायचा, स्वतः थेंब वाढवायचे नाहीत."

आधीच्या गोळ्यांची चिठ्ठीही त्यांनी नीट पाहिली.

बाटली आणली नि तांदळाच्या डब्यात खुपसली. दारूबंदीचा जिल्हा आमचा. तांदळात काय काय लपवतात ते मला लहानपणापासून ठाऊक. बाबा बायांना घेऊन दारू पकडायला जायचे. आणि आता त्यांचीच लेक!

२७ जुलै

बाटली तशीच आहे. सकाळी विहारात पाचवं शील सांगितलं — नशेच्या पदार्थांपासून दूर राहीन. घरी येऊन डब्याकडे पाहत बसले.

२ ऑगस्ट

घेतले काल थेंब. गवतासारखी कडू चव. सकाळी साडी नेसले. आग आहे, पण शेजारच्या खोलीत गेल्यासारखी वाटते. कुकर लावताना चक्क गुणगुणले! कोणाला सांगू? घरात ऐकायला कोणी नाही.

९ ऑगस्ट, श्रावणी पौर्णिमा

घसा बसला असं सांगितलं. वंदना धुरपताबाईंनी सांगितली. मागच्या गल्लीत राहतात, वयानं मोठ्या, माझ्यानंतर त्यांचाच मान. मी मागे बसले. चार शीलं म्हटली, पाचव्याला तोंड मिटून घेतलं. रोज थेंब घ्यायचे आणि घेणार नाही म्हणायचं, हे मला जमत नाही. खोटं न बोलण्याचं चौथं शील तरी राहू दे पदरी.

घसा बसला हे खोटंच होतं की! आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

२४ ऑगस्ट

विहारात जाणं सोडलं. ग्रंथवाचनाचा आवाज इथवर येतो. दुखणं कमी झालं आणि हे असं झालं. फार एकटं वाटतं.

३ सप्टेंबर

धुरपताबाई आल्या. बसायच्या आधीच — "पाचव्याले तोंड मिटलं तू. मी पाह्यलं. अन् आता येतच नाई. काऊन?"

सगळं सांगून टाकलं. बाटली दाखवली. पाठ उघडी करून दाखवली. तिथे दिसण्यासारखं काहीच नाही. तरी बराच वेळ पाहत राहिल्या. "मले वाटलं, मी वंदना सांगतली म्हून तुले माह्याच राग आला," एवढं म्हणाल्या नि चहा न घेता गेल्या.

आता आमच्या बोरगाव मेघेत घरोघरी कळणार. कळो! असं लिहिते खरी, पण भीती वाटते. या बायांशिवाय मला आहे कोण?

७ सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा

गेले. मागे भिंतीशी बसले. चार शीलं सांगून धुरपताबाई थांबल्या. "पाचवं सरिता सांगन. ते औषध घेऊन राह्यली, नशा नाई करत."

सगळ्या बाया वळल्या. माझा आवाज फाटला, पण सांगितलं. माझ्या पाठोपाठ सगळ्या बोलल्या.

निघताना धुरपताबाईंनी पाठीवर हात ठेवला. नेमका नागिणीच्या जागेवर. आग आग झाली. मी हलले नाही.