झोपलास का?

प्रिय कारिन,

गोठलेल्या तळ्यावरून एक डबा परत आणायला खरं काय मोजावं लागतं, ते शहरात बसून कळत नाही. टाकीभर पेट्रोल, अख्खी सकाळ आणि माझा डावा गुडघा. असे सात आणले. बर्फाची जाडी मोजणाऱ्या आपल्या डब्यांची बॅटरी वसंतापर्यंत पुरायची. यंदा नाताळातच सगळ्यांनी मान टाकली.

दिवसातून एकदा आकडे पाठवायचे आणि एरवी बॅटरी वाचवायला आतल्या रेडिओने झोपायचं. त्याला झोपवायचं काम आपल्याकडे कामाला असलेल्या रेनोने लिहिलेल्या प्रोग्रामचं. रेनो शपथेवर सांगे, मी झोपवतोच. तू फोनवर म्हणालीस की तो रेडिओ मुद्दाम जागा ठेवतोय, आपले आकडे पलीकडच्या कंपनीला विकतोय. मी हसलो, पण विष भिनलंच. माझे कान तिखट. तो फोन घेऊन बाहेर निघाला की मी दार किलकिलं ठेवायचो. जेवणाचा डबा ट्रकमध्ये बसून एकटाच का खातो? एकदा नुसतं "गुरुवारी आणून देतो" एवढं ऐकू आलं. गुरुवारी मागोमाग गेलो, तर गडी शेजारणीला बर्फ उपसायचं यंत्र देत होता. तरी मनात आलंच, हे मला दाखवायला असेल. आणि हे करणारा कोण, तर आजवर माझ्याकडून एकही माणूस आपणहून सोडून गेला नाही, असं गावभर सांगत फिरणारा मी.

काल त्याने मला टेबलापाशी बोलावलं. एक डबा उघडा होता. "लीरॉय, कुणीतरी ह्याला सारखं विचारतंय, झोपलास का, झोपलास का. उत्तर द्यायला तरी बिचाऱ्याला उठावं लागतं ना."

कोण विचारतंय, ते त्याच्या लॅपटॉपवर समोरच दिसत होतं. तो नवा असताना, त्याच्या कामावर नजर राहावी म्हणून त्याला न सांगता तू आत घातलेला तो छोटासा प्रोग्राम; त्याखाली तुझंच नाव होतं. झाकण लावत तो म्हणाला, "कारिनला सांग, पुढच्या वेळी मलाच विचार म्हणावं. मी दिवसा जागाच असतो."

हे फोनवर सांगितलं असतं तर तू कारणं दिली असतीस, आणि बाप म्हणून मला ती पटलीही असती. म्हणून लिहितोय. त्याला मेल पाठवू नकोस. गाडी काढ, इकडे ये आणि त्याच्या दारात उभी राहून माफी माग. दारात म्हणजे घराच्या. ऑफिसात तो भेटायचा नाही. आज सकाळी ऑफिसची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून तो गेला.

तुझाच,
बाबा