इंग्रजीतली आत्या

८ जानेवारी

इंग्रजीच्या शिर्के मॅडमनी निबंध परत दिले. विषय होता 'माझी सुट्टी'. वर्गातली निम्मी मुलं महाबळेश्वरला जाऊन आली होती — एकाच गाइडमधून! सूर्यास्त तोच, घोडाही तोच. मॅडम साताऱ्याच्या. म्हणाल्या, मला तो घोडा आजवर कधी दिसला नाही. सगळे हसले. मीही हसले. मी तर त्या घोड्यावर बसले होते.

आता नवा नियम. रोज पाच ओळी इंग्रजीत. पाठांतर नाही, आधी मराठीत जुळवणं नाही. चुका त्या तपासणारच नाहीत म्हणे. आणि शेवटी एक मोठा लेख — ज्या माणसावर लिहू त्याला तो वाचून दाखवायचा.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हे! माझ्या बाकावरची अंकिता म्हणाली, मेलो.

९ जानेवारी

पाच ओळी झाल्या. पाचही ओळींत एसटी.

१३ जानेवारी

नदीवर इतकं धुकं, की पुलावरून जाताना पाणी दिसेना. बस ढगातून चालल्यासारखी चालली होती. खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि मनात एक इंग्रजी वाक्य आलं. छोटंसं, कुठूनही न उचललेलं. दुसरं त्याच्यामागून आलं. सांगली कधी आली कळलंच नाही, उतरायचा स्टॉप मागे गेला. बाजारातून परत चालत आले, सगळीकडे हळदीचा वास. पहिला तास बुडाला. मजेत होते.

१७ जानेवारी

त्रिशला आत्या दीक्षा घेणार हे आज पक्कं झालं. पुढच्या महिन्यात ती आर्यिका, म्हणजे जैन साध्वी होईल. मग घर नाही, आम्ही नाही, नावसुद्धा नवं. ती दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण, पण आई गेल्यापासून माझं सगळं तिनेच केलं.

दादा गावभर सांगत सुटलेत. मिरवणुकीला हत्ती ठरला! आमच्यात दीक्षेआधी घरातल्या प्रत्येकाला विचारायचं असतं. प्रत्येकाने हो म्हणावं लागतं. सगळ्यांनी म्हटलं, हात जोडून. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, परीक्षा होऊ दे गं.

ती नुसती हसली.

२० जानेवारी

मराठीत 'जाऊ नकोस' म्हणायला तोंड उघडलं, की डोळ्यांसमोर दादा येतात. मग बस्तीतली, आमच्या जैन मंदिरातली, सगळी मंडळी. धर्माच्या आड येणारी पोरगी!

इंग्रजीत मात्र आमच्या घरातलं कुणी राहत नाही. तिथे शांत असतं, पहाटेसारखं. तिथे आत्या एकटीच भेटते. माझी वेणी घालते. दिवस मावळायच्या आत जेवून घे म्हणून हाका मारते. मी तिला काय वाटेल ते बोलते आणि कुणी मागे वळून बघत नाही. शब्द तोकडे पडतात, पण खोटं बोलायला तर ते अजिबातच पुरत नाहीत.

आज पाचच्या जागी दोन पानं झाली.

२४ जानेवारी

स्वप्नात आत्या इंग्रजी बोलत होती! फर्डं!

२८ जानेवारी

मॅडमनी माझा आत्यावरचा लेख वाचला. मग म्हणाल्या, "हे पहिल्यांदाच तुझं वाटलं, भाग्यश्री. शेवट मात्र घाबरून केलास."

खरंच होतं. शेवटी मी लिहिलं होतं, आमच्या कुटुंबाला याचा अभिमान आहे. त्याच गाइडमधलं! ते खोडलं. जे म्हणायचं होतं ते लिहिलं.

वाचून दाखवायचं बाकी आहे. पण आत्याला इंग्रजी कुठे येतं? म्हणून तर धीर होतोय.

३० जानेवारी

आत्या माडीवर शेंगा निवडत होती. म्हटलं, कॉलेजचं आहे, नुसतं ऐक. म्हणाली, वाच की.

वाचलं. पहिल्या पानाला आवाज बरा होता. दुसऱ्या पानावर तिचे हात थांबले. शेवटच्या ओळी कशा वाचल्या मला आठवत नाही. मी रडत होते एवढं खरं.

ती अर्थ विचारेल म्हणून मनात एक खोटा अर्थ जुळवून ठेवला होता. तिने विचारलाच नाही. पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "काय बी कळलं न्हाई गं. पर तू जा म्हणत न्हाईस, एवढं कळलं."

मग दिवस कलला म्हणून आम्ही खाली जेवायला गेलो.

३१ जानेवारी

सकाळी आत्याने दादांना सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा न्हाई. तुमी समदी एवढ्या आनंदानं जा म्हणालासा, मला वाटलं घरातलं माझं काम संपलं."