लातूरचे म्हणून किल्ला बघितला

शनि. १० जाने.
आमच्या रेखासाठी बसवकल्याणचं स्थळ. मुलगा पर्यटकांना किल्ला दाखवतो, तळ्यात होडी फिरवतो. हे काय काम? बत्तीस वर्षांचा झाला तरी लग्न नाही. मध्यस्थ म्हणतो, "अक्का, पोरगं सोनं हाय." सोनं असतं तर इतके दिवस कोणी सोडलं असतं? उद्या आम्ही दोघं गुपचूप बघून येणार. आपण निर्ण्याचे, पण तसं म्हणायचं नाही. लातूरचे.

रवि. ११
मुलगा दिसायला बरा. बुरूज चढताना ह्यांचा हात धरला, तोफेपाशी दम खाऊ दिला. अनोळखी माणसाचा एवढा पुळका कशाला? दोनदा बाजूला जाऊन कन्नडात फोन. वाऱ्यामुळं नीट ऐकू आलं नाही; जेवणाचं काहीतरी, एवढंच कळलं. होडीत मी बसले नाही.

मग आग्रहानं घरी नेलं. त्याच्या आईनं भाकरी, शेंगाची चटणी वाढली. पसंती झाल्याशिवाय मुलाकडचं तोंडात घालायचं नाही, ही आमच्यातली रीत. सवयीनं ताट सरकवलं, पाणीही नको म्हटलं. चार तास उन्हात चढून!

बाई हसली. "लातूरचे लोक पोटभर जेवून जातेत. तुमी पोरीकडचे दिसायलाव."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी बघते तर ह्यांची अर्धी भाकरी संपलेली.

सोम. १२
हे म्हणतात, भूक लागली होती. मध्यस्थाचा फोन : भाकरी खाल्ली म्हणून तिकडं आपला होकार धरायलेत. एवढी घाई? नक्की काहीतरी लपवतायत.

रेखानं ऐकलं. "लग्न माझं, अन् भाकरी बाबांनी खाल्ली?" चुकलं माझंच. तिला न विचारता गेले.

शनि. १७
रेखा म्हणते, "तुमचं बघून झालं. आता मी जाते. एकटी, नाव सांगून."
नको म्हटलं.
"कामून? कशाला भ्यायलीस?"
भीती ही : त्याच्यात आत्ताच खोट निघाली तर निस्तरता येईल. हिला तो आवडला आणि खोट मागून निघाली तर...

रवि. १८
सकाळच्या बसनं गेली. अकराला फोन : "किल्ल्यात हाय." एकला : "होडीत हाय, नंतर बोल."

तीनला परत लावला. त्याच्या घरी होती. मागं भांड्यांचा आवाज.
"जेवलीस का गं?"
म्हणाली, "घरी येऊन सांगते."
आत्ताच सांग म्हणेपर्यंत फोन ठेवला. शेवटची बस सहाची.